धरलेला स्वर

१

सकाळी दहा ते अकरा हा तास माझा. त्या तासात दारात कुणी उभं राहिलं, फोन वाजला, दूध उतू गेलं, तरी मी जागची हलत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांना म्हणजे मास्तरांना. घरात आम्ही दोघंच.

मास्तर म्हणजे माझा नवरा. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते आणि मीही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांच्या लायनी जोडल्या. त्यावरून मास्तर मला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून 'ऑपरेटर' म्हणतात. मला ते मुळीच आवडत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलेय. खरं तर आवडतं.

निवृत्त झाल्यावर लेकीने एक जुना सिंथेसायझर आणून दिला. म्हणाली, "आई, बाबांच्या मागे भुणभुण करण्यापेक्षा ह्याच्यावर कर." तिला वाटलं चार दिवसांचं खूळ असेल. पण मी एकदा मनावर घेतलं की घेतलं. ठरवलं, शंभर तुकडे करायचे. रोज एक, दीड मिनिटाचा. एका दमात वाजवायचा, चुकला तर चुकला. वाजवून झालं की यंत्रावरची सगळी बटणं फिरवून शून्यावर आणायची, म्हणजे उद्या कालच्याच आवाजात लोळत पडायची सोय नको.

मागच्या लहान खोलीत इस्त्रीचं टेबल आहे. त्यावर सिंथेसायझर, शेजारी ताल धरणारी एक डबी आणि छोटा रेकॉर्डर. सगळं वायरींनी जोडलेलं. माइक कुठेच नाही. यंत्रातला आवाज वायरीतून थेट रेकॉर्डरमध्ये जातो आणि तिथून माझ्या हेडफोनमध्ये. बाहेर ऐकू येते ती फक्त पट्ट्यांची टकटक. मास्तर म्हणतात, "बाहेरून बघितलं की वाटतं, बाई रिकाम्या टेबलावर टाइप करतेय." आणि एखादा तुकडा ऐकवला तर म्हणतात, "छान आहे हो. आपला फ्रीज बिघडायच्या आधी असाच वाजत होता."

२

माझी एक खोड होती. तुकडा संपला, शेवटचा स्वर वाजला, की मी लगेच रेकॉर्डर बंद करायची आणि हेडफोन काढून ठेवायची. एक्स्चेंजची सवय. बोलणं संपलं, पिन उपटली, पुढची लाइन.

लेक म्हणाली, "आई, शेवट असा कचकन तोडू नकोस ना. शेवटची पट्टी जरा दाबून धर. स्वर हळूहळू विरू दे." मला पटलं नाही, पण बेचाळिसाव्या तुकड्यापासून करून पाहिलं. शेवटच्या सुरावटीतलं एक एक बोट उचलायचं आणि एकच पट्टी दाबून ठेवायची. यंत्राचा स्वर पट्टी दाबलेली असेपर्यंत थांबत नाही, बारीक होतो पण राहतो. ह्या राहिलेल्या भागाला मी शेपूट म्हणायला लागले.

त्रेचाळिसावा तुकडा लेकीला पाठवला. दुपारी तिचा फोन आला.

"शेवट मस्त झालाय. फक्त बाबांचा खोकला आलाय त्यात. दार लावून घेत जा."

"कुठून येईल खोकला? माइकच नाही."

"आलाय खरा. ऐक तू."

मी ऐकलं. तुकडा संपला, स्वर बारीक झाला, आणि त्याच्या मागे, दोन खोल्या पलीकडे असावा तसा, मास्तरांचा खोकला. दोन मोठे आणि एक लहान. छत्तीस वर्षं ऐकतेय, चुकणार कशी? मग सपातांची फरफट. मग एक झाकण फरशीवर पडून गरगरलं आणि मास्तर म्हणाले, "अरेच्चा! हेही गेलं."

मला भीती वाटली नाही, राग आला. यंत्र बिघडलं, दुसरं काय? तशीच उठले आणि रेकॉर्डर घेऊन कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने चार स्क्रू काढले, आत टॉर्च मारला.

"मावशी, ह्यात माइक बसवलेलाच नाही."

"मग खोकला कुठून आला?"

"तुम्हालाच झाला असेल," म्हणाला आणि स्क्रू लावायला लागला. मेला!

घरी येऊन मास्तरांना विचारलं, सकाळी झाकण पाडलंत का? ते म्हणाले, "मी अजून काहीही पाडलेलं नाही. पण तू म्हणत असशील तर पाडतो."

दुसऱ्या दिवशी माझा तुकडा लवकर आटोपला. मी बटणं शून्यावर आणत होते. स्वयंपाकघरातून खोकला आला. दोन मोठे, एक लहान. सपाता. मग झाकण पडलं, गरगरलं, थांबलं.

"अरेच्चा! हेही गेलं."

रेकॉर्डरवर आदल्या दिवशीच्या रेकॉर्डिंगची वेळ होती दहा एकेचाळीस. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा एकेचाळीस झाले होते.

३

माणसाला वय झालं की आठवणी मागेपुढे होतात, हे मला कळतं. डोकं ठिकाणावर आहे की नाही हे तपासायची माझी एक पद्धत आहे: लिहून ठेवायचं. एक्स्चेंजमध्ये बिघाडाची वही असायची, तशी एक वही मी सुरू केली. शेपटात काय ऐकू आलं ते त्याच दिवशी पेनाने लिहायचं, पान दुमडायचं आणि वर मास्तरांची तारखेनिशी सही घ्यायची.

"काय लिहिलंयस?"

"वाचायचं नाही. सही करा."

"लग्नाच्या रजिस्टरनंतर न वाचता सही करायची ही दुसरीच वेळ," म्हणाले आणि करून टाकली.

पंचेचाळिसाव्याच्या शेपटात वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई दारात म्हणत होत्या, "मास्तर, शिडी आहे का हो? दिवा बदलायचाय." दुसऱ्या दिवशी बाई शिडी घेऊन गेल्या. सेहेचाळिसाव्यात मास्तर फोनवर कुणाला तरी सांगत होते की ती आत तिच्या फ्रीजपाशी बसलीय. दुसऱ्या दिवशी नेमकं तेच, तेवढ्याच हसण्यासकट. मी पान उलगडलं. माझं अक्षर, मास्तरांची सही, कालची तारीख.

आणखी दोन गोष्टी तपासून पाहिल्या. एक, तो आवाज नंतर रेकॉर्डरमध्ये शिरत नव्हता. पट्टी दाबलेली असतानाच हेडफोनमध्ये येत होता. आजवर मी पट्टी धरून ठेवतानाही हेडफोन घाईने काढत होते म्हणून कळलं नव्हतं. जितका वेळ पट्टी धरावी तितका वेळ उद्याचं घर ऐकू यायचं. दोन, बोटाऐवजी पट्टीवर पेपरवेट ठेवला की स्वर चालू राहायचा, पण घर जायचं. पुन्हा बोट ठेवलं की खोकला परत.

हे कुणाला सांगितलं नाही. लेकीला तर नाहीच, ती लगेच डॉक्टर गाठते. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं. मास्तर एकाहत्तर वर्षांचे. सकाळी उठल्यावर त्यांचा श्वास चालू आहे ना ते मी दोन वर्षांपासून गुपचूप बघते. आता बघायची गरज उरली नाही. रोज साडेदहाच्या सुमाराला मला कळायचं की उद्या ह्या वेळी ते खोकताहेत, सपाता फरफटवताहेत, वर्तमानपत्रातल्या मंत्र्याला शिव्या घालताहेत. माझ्या जिवाला असा निवांतपणा कित्येक वर्षांत नव्हता. तुकडे दीड मिनिटाचेच राहिले, शेपटं मात्र दहा-दहा मिनिटांची व्हायला लागली.

४

सत्तावन्नावा तुकडा बरा जमला होता. खालचे दोन स्वर, वर एक थरथरता. शेवटी एक एक बोट उचललं आणि तर्जनी ठेवली. दहा पंचावन्न, रोजच्यापेक्षा उशीरच.

स्वर बारीक झाला. मी खोकल्याची वाट पाहिली.

नळ वाहत होता. स्वयंपाकघरातला, पूर्ण उघडा. मास्तर नळाची धार कधी मोठी सोडत नाहीत, पाणी वाया गेलं की त्यांना स्वतःचं रक्त गेल्यासारखं होतं. नळ वाहतच राहिला. कुणी बंद करेना.

मग पावलं. सपाता नव्हत्या, बूट होते. आमच्या घरात कुणी बूट घालून आत येत नाही. दोन जोड, तीन जोड, घाईघाईने. खुर्ची ओढल्याचा आवाज. कुणीतरी दबक्या आवाजात काहीतरी विचारलं, ते कळलं नाही. कुणी उत्तर दिलं नाही.

खोकला नाही.

मी पट्टी धरून बसले. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. बोट बधिर झालं. नळ वाहत होता, बूट येत-जात होते, आणि त्या सगळ्या वेळात मास्तर एकदाही खोकले नाहीत. शेवटी बोट आपोआप सुटलं.

मी धावत बाहेर गेले. मास्तर खिडकीशी बसून पेन्सिलीला टोक काढत होते.

"काय गं? भूत बघितलंस का?"

"चपला घाला," मी म्हटलं. "डॉक्टरांकडे जायचंय."

"कुणाला काय झालंय?"

"तुम्हाला काही होऊ नये म्हणून जायचंय. उठा."

५

हात जोडून बसणाऱ्यांतली मी नाही. चोवीस तास होते माझ्याकडे, आणि एक्स्चेंजमध्ये मी पुराच्या रात्रीसुद्धा लाइन चालू ठेवली होती.

डॉक्टरांनी छाती तपासली, हृदयाचा आलेख काढला, रक्त घेतलं. संध्याकाळी म्हणाले, "काकू, ह्यांचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे." मास्तर परत येताना सबंध रस्ताभर ते वाक्य मला ऐकवत होते. मी लेकीला फोन केला.

"उद्या इकडे ये. सकाळची पहिली गाडी पकड."

"झालंय काय?"

"काही नाही झालं. होऊ नये म्हणून ये."

तिने दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. पहिल्या गाडीने निघाली तरी पोहोचायला तिला एक वाजणार होता, पण कुणीतरी येतंय ह्यानेच मला धीर आला. रात्री मी त्यांच्या उशाशी बसून राहिले. मास्तर घोरत होते. इतकं गोड घोरणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

सकाळी त्यांना पायऱ्या उतरू दिल्या नाहीत, आंघोळीला आतून कडी लावू दिली नाही, चहाचं पातेलं उचलू दिलं नाही. ते चिडले.

"ऑपरेटर, मी काय काचेचा आहे का?"

"आज आहात."

"आणि उद्या?"

तोच तर प्रश्न होता. दहा पंचावन्नला ते माझ्या डोळ्यांसमोर असतील, हे मी बघणारच होते. पण समजा ती वेळ टळली, तर पुढे काय? उद्याचा खोकला ऐकल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. आणि इथेच मी चुकले. जन्मभर मी डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त विसंबून राहिले. लाइनवर आवाज आहे म्हणजे माणूस आहे, एवढंच मला शिकवलेलं.

६

सव्वादहाला मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. माझ्या डाव्या हाताला खुर्ची ठेवली, पाठीशी उशी दिली. एका जागी बसून राहावेत म्हणून दुसरे हेडफोन त्यांच्या कानाला लावले.

"आज मला शिक्षा का?"

"गप्प ऐका. अठ्ठावन्नावा आहे."

साधाच तुकडा होता. चार स्वर, चढत जाणारे. दोन ठिकाणी चुकले, पुढे गेले. शेवटी तर्जनी ठेवली. दहा वीस. स्वर बारीक होत गेला.

दोन मोठे, एक लहान.

माझ्या जिवात जीव आला. रडूच फुटलं. सपाता फरफटल्या, नळ बारीक धारेने सुटला आणि वेळेवर बंद झाला. उद्याचं घर जसं असायला हवं तसं होतं. मी डावीकडे पाहिलं. मास्तरांनी हेडफोनवर हात दाबून धरले होते आणि त्यांचे डोळे लहान मुलासारखे मोठे झाले होते.

"अगं, हा तर माझा खोकला!"

"हो."

"असा घाणेरडा खोकतो मी?"

"असाच. अगदी असाच खोका."

ते हसले, मान मागे टेकली, डोळे मिटले. मीही मिटले. डोळे मिटले की मला जास्त चांगलं ऐकू येतं.

उद्या मास्तर खिडकीशी गेले. पेन्सिलीला टोक काढलं. वर्तमानपत्र चाळलं. मग म्हणाले, "ऑपरेटर?" मी थांबले, उद्याच्या त्या घरात मी काय उत्तर देते ते ऐकायला. उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, अगदी जवळून. आणि मग विचारलं, "आहेस ना लाइनवर?"

हे ते मला विचारत होते. पलीकडच्या घरातल्या कुणाला नाही.

"आहे," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "इकडे तसं बरं आहे. फक्त सोडू नकोस."

७

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. डोळे उघडले तेव्हा टेबलावरचं ऊन भिंतीवर गेलेलं होतं. मी मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं तेवढंच: खुर्चीखाली एक सपात उलटी पडली होती, आणि दुसरे हेडफोन वायरीला लोंबकळत जमिनीला टेकले होते.

फरशी पायाखाली हादरत होती. बूट. शिंपीणबाई बहुतेक कशाला तरी डोकावल्या आणि त्यांनीच सगळ्यांना बोलावलं असावं, कुणीतरी पाणी आणायला गेलं असावं आणि नळ तसाच राहिला असावा. कुणीतरी माझ्या डावीकडची खुर्ची ओढली. डॉक्टर खाली वाकून काहीतरी करत होते, मग थांबले, आणि जमिनीवर होतं ते चौघांनी उचलून बाहेर नेलं. मी वेडी नाही. हे लोक कोण आहेत आणि कशाला आलेत ते मला कळत होतं. पण मास्तर माझ्या कानात मंत्र्याला शिव्या घालत होते, आणि चालू लाइन मी कधीही तोडलेली नाही.

तर्जनी दुखायला लागली की आधी मधलं बोट त्याच पट्टीवर आणायचं, ते पूर्ण खाली गेलं की मगच तर्जनी उचलायची. स्वर तुटत नाही. असं मी किती वेळा केलं कोण जाणे.

मग लेक आली. प्रवासाची बॅग तिच्या खांद्यावरच होती. तिने माझा डावा कान मोकळा केला. तिचा चेहरा रडून सुजला होता.

"आई, बाबा..."

"हळू बोल. ते बोलतायत."

"आई, ऊठ. प्लीज ऊठ. बाहेर सगळे खोळंबलेत. सोड ते."

"नाही सोडणार."

तिने माझं मनगट धरलं. ओढलं. मी पट्टीवर दोन्ही हातांची बोटं ठेवली आणि तिच्याकडे असं पाहिलं की तिने मनगट सोडलं. लहानपणी ती अशीच घाबरायची मला. ती मटकन खाली बसली आणि रडत राहिली. रडता रडता तिचा हात जमिनीवरच्या हेडफोनला लागला. त्यांच्या हेडफोनला. मला वाटतं, मी काय ऐकतेय ते कळावं, मग मला समजावता यावं, एवढ्याचसाठी तिने ते कानाला लावले.

तिचं रडणं थांबलं.

मी तिच्याकडे बघत होते. मग तिचे ओठ हलले, "हो बाबा," म्हणाली, आणि आणखी काहीतरी, ते मला ऐकू आलं नाही. दारातून डॉक्टरांनी तिला नावाने हाक मारली. तिने मागे न बघता हात लांब करून दार लोटलं आणि कडी घातली. मग बॅग खाली ठेवली, उशी असलेली खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि माझ्या शेजारी बसली.

"आई," ती म्हणाली, "तू सकाळपासून पाणीसुद्धा प्यायली नसशील. जा, पिऊन ये, जरा आडवी हो. मी धरते."

मी आधी तिचं बोट पट्टीवर पूर्ण खाली गेलंय ना ते बघितलं, आणि मगच माझं काढलं.